पेट्रोलही शिळे होते

दूध नासते, तेल खवट होते, औषधाच्या बाटलीवर तर अखेरची तारीखच छापलेली असते. या वस्तू किती दिवस ठेवाव्यात हे कोणत्याही घरात शिकवावे लागत नाही. परंतु पेट्रोलसुद्धा शिळे होते असे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. जे तेल जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षे राहिले, त्यातून निघालेले पेट्रोल आमच्या डब्यात सहा महिन्यांत काय बिघडणार, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. कारण ते ठाऊक असण्या-नसण्यावर एखाद्या रात्री एखाद्याचा श्वास अवलंबून असू शकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्ही पेशाने परिचारिका. शाळा मुंबईत, मराठीतून. परिचारिकेचे शिक्षणही तेथेच झाले, आणि पुढची सारी नोकरी कॅनडात, टोरांटोच्या परिसरात. आमचे यजमान मोटारदुरुस्तीच्या कामातले. त्यामुळे एका बाजूने औषधांच्या गोष्टी व दुसऱ्या बाजूने इंजिनांच्या गोष्टी, असे आमच्या घरी वर्षानुवर्षे चालत आले. दोन्हींत साम्य किती आहे हे आम्हांला हळूहळू उमगत गेले.

खरे म्हणजे आपल्या समाजाला हा विषय परका वाटू नये. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ पाळावयाचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, असा त्याचा अर्थ. तेल काढणाऱ्याला तेल टिकविण्याचेही ज्ञान असावेच लागते. भांडे काठोकाठ भरावे, बूच घट्ट लावावे, उन्हापासून व चुलीपासून दूर अंधाऱ्या जागी ठेवावे, आणि जुने तेल संपल्याशिवाय नव्याला हात लावू नये. अर्धा रिकामा बुधला लवकर खवटतो, कारण रिकाम्या जागेत हवा असते. शाळेत आम्हांला यालाच ‘ऑक्सिडीकरण’ हा भारदस्त शब्द शिकविला. तेलात असंतृप्त रेणू असतात, त्यांच्याशी हवेतला प्राणवायू संयोग पावतो आणि तेलाचा वास व गुण पालटतात. जवसाचे तेल तर हवेत वाळून कडक पापुद्रा धरते. म्हणून ते रंगात व व्हार्निशात वापरतात.

पेट्रोलचे नेमके हेच होते.

जमिनीतले कच्चे तेल हवेपासून बंदिस्त असते, म्हणून ते टिकते. पेट्रोल मात्र त्या तेलात जसेच्या तसे नसते. ते कारखान्यात तयार करावे लागते. हा धंदा आमच्या या ओंटॅरिओ प्रांताला फार जुना आहे. प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात लॅम्बटन नावाचा परगणा आहे. तेथे ऑइल स्प्रिंग्ज या गावी जेम्स मिलर विल्यम्स याने १८५८ साली विहीर खणून तेल काढले व ते शुद्ध करून विकण्याचा व्यवसाय केला. जवळच पेट्रोलिया नावाचे गावही आहे. आज मोठे शुद्धीकरण कारखाने सार्निया शहराभोवती आहेत. विल्यम्सच्या काळी सगळी मागणी दिव्यात जाळावयाच्या तेलाला होती, म्हणजे आपण ज्याला रॉकेल म्हणतो त्याला. मोटार अजून जन्मावयाची होती. रॉकेल काढताना जो हलका, भडकन् पेटणारा भाग वर निघे तो निरुपयोगी व धोक्याचा म्हणून पुष्कळदा फेकून देत. तोच भाग पुढे पेट्रोल म्हणून जगावर राज्य करू लागला.

शाळेत ‘भागशः ऊर्ध्वपातन’ शिकलेल्यांना आठवत असेल की, पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. शेकडो निरनिराळ्या हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. काही इतके हलके की साध्या खोलीतल्या उष्णतेने उडून जातात, काही इतके जड की त्यांना २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते. त्यांतले पुष्कळसे जड तेलाचे मोठे रेणू फोडून मिळविलेले असतात, आणि अशा फोडलेल्या रेणूंतच असंतृप्त रेणूंचा भरणा अधिक. कारखानदार त्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये घालतात, पण तीही हळूहळू खर्च होतात.

आता या मिश्रणाचे डब्यात काय होते ते पाहू. बिघाडाच्या वाटा तीन.

पहिली वाट बाष्पीभवनाची. डबा किंवा टाकी पूर्ण हवाबंद नसली की हलके भाग आधी उडून जातात व जड भाग मागे राहतात. इंजिनात द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड इंजिन सुरू करताना ही वाफ त्या हलक्या भागांपासूनच मिळते. ते गेले की पेट्रोल दिसावयास पेट्रोलच, पण प्लगची ठिणगी पडूनही पेट घेत नाही.

दुसरी वाट ऑक्सिडीकरणाची. यातून डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. पेट्रोलचा फिकट रंग गडद होत जातो आणि वास व्हार्निशासारखा, किंचित आंबूस येऊ लागतो. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. तांब्याचा स्पर्श झाला तर आणखीनच.

तिसरी वाट पाण्याची, आणि ही अलीकडची आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल म्हणजे मद्यार्क मिसळतात. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१० साली सरासरी ५ टक्के प्रमाण सक्तीचे केले. ओंटॅरिओत २०२० पासून ते १० टक्के झाले, २०२५ पासून ११ टक्के, आणि २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यावयाचे असा नियम आहे. भारतात तर २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. थोडे पाणी ते पोटात सामावून ठेवते. पण १० टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा साध्या तपमानाला सुमारे अर्धा टक्का आहे, म्हणजे १० लिटर पेट्रोलमागे पाणी ५० मिलिलिटर, साधारण तीन-साडेतीन मोठे चमचे. त्याहून अधिक झाले की इथेनॉल व पाणी दोन्ही पेट्रोलची साथ सोडून तळाशी वेगळा थर करतात. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. त्यामुळे ऑक्टोबरात नितळ दिसणारे पेट्रोल जानेवारीत दुभंगलेले आढळू शकते. इंजिन तर टाकीच्या तळातूनच ओढते. म्हणजे आधी त्याच्या वाट्याला येते ते पाणी व मद्यार्क. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घसरलेला असतो, कारण तो वाढविणारे इथेनॉल खाली गेलेले असते.

याचा इंजिनावर परिणाम काय? कार्ब्युरेटरमधील जेटचे भोक सुईच्या अग्राएवढे. डिंकाचा एक थर त्याला पुरतो. मग इंजिन सुरूच होत नाही, किंवा चोक ओढलेला असेतोवर चालते व सोडला की बंद पडते. चढावर दम लागल्यासारखे करते, मध्येच खोकते. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो, पण इंजेक्टरची भोके त्याहून बारीक. व्हॉल्व्हच्या दांड्यावर चिकटा बसला की तो अडकतो. ऑक्टेन कमी झाला की नॉकिंग सुरू होते. इथेनॉल-पाण्याचा थर टाकीत फार काळ राहिला तर धातू गंजतो. आमचे यजमान म्हणत, “इंजिनाचा रोग निम्म्या वेळा इंजिनात नसतो, त्याच्या आहारात असतो.” आमच्या पेशात याहून वेगळे काही नाही.

ढोबळ हिशेब असा. साधे पेट्रोल चांगल्या बंद डब्यात, थंड जागी, तीन ते सहा महिने भरवशाचे. ताजे असतानाच त्यात टिकाऊपणाचे औषध, ज्याला येथे स्टॅबिलायझर म्हणतात, ते घातले तर सुमारे वर्षभर. शिळ्या पेट्रोलमध्ये ते औषध घालून काही उपयोग नाही. मेलेल्या माणसाला लस टोचण्यासारखे ते आहे.

आता कॅनडाच्या हवेची गोष्ट. येथे प्रत्येक लहान यंत्र वर्षातले सहा महिने झोपलेले असते. गवत कापण्याचे यंत्र व होडीचे इंजिन ऑक्टोबरात झोपते, बर्फ उपसून फेकणारा स्नो-ब्लोअर एप्रिलमध्ये. पेट्रोल ज्या मुदतीत बिघडते, नेमकी तेवढीच ही झोप. शिवाय कारखाने हंगामाप्रमाणे पेट्रोलची जातच बदलतात. हिवाळ्यात त्यात ब्यूटेनचे प्रमाण वाढवितात. सिगारेटच्या लायटरमध्ये असतो तोच हा वायू. त्यामुळे शून्याखाली २० अंशांतही वाफ मिळते. उन्हाळ्यात वाफ नको तेवढी होऊ नये म्हणून ब्यूटेन कमी करतात. तेव्हा जुलैत भरलेला डबा जानेवारीत उघडला तर ते पेट्रोल दोन परींनी चुकीचे ठरते. एक तर ते शिळे, आणि दुसरे म्हणजे ते मुळातच हिवाळ्याचे नव्हे. बेअरशेबा-दिमोनाच्या वाचकांकडे उष्णता हा मुख्य शत्रू असेल, तर अलिबाग-रेवदंड्याच्या पावसाळ्यात ओलावा. उपाय मात्र तिन्ही ठिकाणी एकच आहे.

कोणी म्हणेल, यंत्र सुरू झाले नाही तर फार तर गवत वाढेल, नाहीतर फावड्याने बर्फ काढावा लागेल. त्यात एवढे ते काय? पण एक यंत्र असे आहे की ते वर्षानुवर्षे झोपलेले असते व एका रात्री त्याने उठलेच पाहिजे. ते म्हणजे विजेचा जनरेटर.

या देशात वीज सहसा जात नाही, पण जाते तेव्हा फार वाईट वेळी जाते. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक व पूर्व ओंटॅरिओत गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड वेष्टण चढून विजेचे मनोरे कोसळले. एकट्या क्वेबेकमध्ये सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली आणि काहींना ती महिन्याने परत मिळाली. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व ओंटॅरिओ मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटोत पुन्हा बर्फाचे वादळ होऊन सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली. मार्च २०२५ च्या अखेरीस ओरिलिया व पीटरबरोच्या भागातही तसेच घडले. अशा वेळी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पेट्रोलपंपही विजेवर चालतो. वीज गेली की जमिनीखाली हजारो लिटर पेट्रोल असूनही थेंब वर येत नाही. म्हणजे त्या रात्री जे घरात असेल तेच खरे.

२०१३ च्या त्या वादळात आमच्या शेजारच्या घरी एक वृद्ध दांपत्य राहत होते. बाईंना फुप्फुसाचा जुना विकार. त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे विजेचे यंत्र, दिवसरात्र लागे. २००३ च्या अनुभवाने त्यांनी हौसेने जनरेटर घेऊन ठेवला होता, शेजारी पेट्रोलचा भरलेला डबाही होता. पहाटे दोनच्या सुमारास वीज गेली. थोड्याच वेळात आजोबा आमच्या दारी आले. दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा भरून आला होता व जनरेटर ढिम्म हलत नव्हता.

आम्ही दोघेही गेलो. यजमान यंत्राकडे वळले, आम्ही बाईंकडे. घरात राखीव सिलिंडर एकच होता, ‘ई’ आकाराचा. त्यात भरलेला असताना सुमारे ६८० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला २ लिटर या गतीने तो साडेपाच तासांच्या आसपास पुरतो. आम्ही घड्याळ पाहिले, नळी जोडली, बाईंना उशा लावून बसते केले, ओठांच्या रंगावर व श्वासाच्या मोजणीवर नजर ठेवली. मदतीसाठी फोन केला, परंतु त्या रात्री सगळ्या शहरालाच मदत हवी होती. रस्ते काचेसारखे निसरडे, झाडे मोडून पडलेली. सांगितलेली वेळ ऐकून आम्ही पुन्हा एकदा सिलिंडरचा काटा पाहिला.

तिकडे यजमानांनी बॅटरीच्या उजेडात कार्ब्युरेटरची वाटी उघडली. तळाशी हिरवट-पिवळा चिकटा, जेट पूर्ण बुजलेले. डब्यातले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाहिले, तर खाली पाण्यासारखा थर स्पष्ट वेगळा दिसला. आजोबांनी तो डबा आपुलकीने जपला होता, हात लावला नव्हता. जपणे हेच त्याला भोवले. पण त्यांना दोष कोण देणार? डब्यावर तारीख नव्हती, आणि पेट्रोल विकणारा कोणीही ती सांगत नाही. आमच्या स्नो-ब्लोअरसाठी त्याच महिन्यात भरलेला, वर तारखेची चिठ्ठी लावलेला डबा गॅरेजात होता. टाकी रिकामी करून, जेट बारीक तारेने व फवाऱ्याने साफ करून त्यात ते पेट्रोल घातले. यास तीन-चार तास लागले. थंडीने बोटे बधिर होत, मग आत येऊन ती शेकावी लागत. अखेर इंजिन दोनदा खोकले व चालू झाले. तेव्हा सिलिंडरमध्ये जेमतेम तासाभराचा प्राणवायू उरला होता.

बाई त्यानंतरही काही वर्षे होत्या. दर नाताळात त्यांचे कार्ड येई.

त्या रात्री आणखी एक प्रसंग टळला, तोही सांगितला पाहिजे. बाहेर बर्फ पडतो आहे म्हणून आजोबा गॅरेजचे दार अर्धे उघडून जनरेटर आतच चालवू म्हणत होते. आम्ही तो अंगणात, खिडक्यादारांपासून ६ मीटरहून अधिक लांब ठेवावयास लावला. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. यात एक गोम आहे. बोटाला चिमटा लावून प्राणवायू दाखविणारे जे यंत्र पुष्कळ घरांत असते, ते या विषाने भरलेले रक्त व प्राणवायूने भरलेले रक्त यांतला फरक ओळखत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे, अशी लक्षणे घरातल्या सगळ्यांना एकदम दिसू लागली की यंत्राकडे न पाहता आधी सर्वांनी मोकळ्या हवेत जावे व मग मदत बोलवावी. घरात त्याची धोक्याची घंटाही असावी.

दुसरी सूचना जुने पेट्रोल काढताना. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय आपल्याकडे स्कूटरवाल्यांना फार. पोटापेक्षा ते फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. घोटभरही लागत नाही, थोडेसे श्वासनलिकेत उतरले तरी फुप्फुसाला रासायनिक सूज येते. कोणी गिळलेच तर त्याला उलटी करावयास लावू नये. उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. सरळ इस्पितळ गाठावे. हाताने दाबावयाचा पंप थोड्या पैशांत मिळतो, तो घ्यावा.

आता उपाय. आमच्या घरातील पद्धत अशी आहे. पेट्रोल लागेल तेवढेच आणावे, तेही या कामासाठीच बनविलेल्या तांबड्या डब्यात, आणि भरल्या दिवशी त्यावर तारीख लिहावी. डबा राहत्या घरात किंवा पाणी तापविण्याच्या भट्टीजवळ ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत विस्तवापर्यंत पोहोचते, आणि शून्याखाली ४० अंशांतही पेटू शकते. साठा करावयाचा असेल तर पहिल्या दिवशीच स्टॅबिलायझर घालावे. हंगाम संपला की लहान यंत्राची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. जनरेटर महिन्यातून एकदा, दिवा किंवा हीटर जोडून, १५-२० मिनिटे चालवावा. आणि दर तीन महिन्यांनी राखीव डब्यातील पेट्रोल मोटारीच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत ओतून जाळून टाकावे व डबा पुन्हा ताजा भरावा. ज्याला व्हार्निशाचा वास येतो किंवा ज्यात थर दिसतो, ते मात्र मोटारीत घालू नये, गटारात तर नाहीच नाही. टोरांटोत घातक कचरा स्वीकारणारी शहराची केंद्रे आहेत, तेथे द्यावे.

यात नवे काहीच नाही. इस्पितळाच्या औषधांच्या कपाटात जुनी बाटली पुढे व नवी मागे ठेवावयाची, हे शिकाऊ परिचारिकेला पहिल्या आठवड्यात शिकवितात. आणीबाणीची ट्रॉली महिनोन् महिने वापरात आली नाही तरी तिची तपासणी नेमाने होते, तारीख टळलेले औषध काढून नवे ठेवले जाते. ती वापरली जात नाही, म्हणूनच तपासावी लागते. रोजच्या वापरातल्या वस्तूची काळजी वापरच घेतो. अलीकडच्या काही मोटारी विजेवर व पेट्रोलवर दोन्हींवर चालतात. मालक सदा विजेवरच चालवू लागला तर त्यांतल्या काही गाड्या आपण होऊन इंजिन सुरू करतात व जुने पेट्रोल जाळून टाकतात. यंत्राला जे शिकविता आले ते आपल्याला अवघड का वाटावे?

संकटासाठी म्हणून वस्तू ठेवून दिली की आपले कर्तव्य संपले, असे मनाला वाटते. साठा ही ठेवून देण्याची वस्तू नव्हे, फिरती ठेवण्याची आहे. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, आजारी आहेत, विजेवर चालणारे श्वासाचे यंत्र आहे, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. हा अंक वाचून झाला की उठून गॅरेजात किंवा माडीखाली जा, डब्याचे झाकण उघडून वास घ्या, आणि डब्यावर तारीख नसेल तर ते पेट्रोल आजच बदला. शेजारी कोणी म्हातारे माणूस राहत असेल, तर त्यांचाही डबा पाहून या.